हिब्सचा इतिहास उलटा वाचा

एडिनबराच्या हायबर्नियन या फुटबॉल क्लबचा, म्हणजे हिब्सचा, इतिहास समजून घ्यायचाय? 1875 पासून, म्हणजे क्लबच्या स्थापनेपासून, सुरुवात करू नका. मी केली आणि सनावळीतच अडकलो. थेट 21 मे 2016 ची स्कॉटिश कप फायनल लावा. हिब्स तेव्हा दुसऱ्या श्रेणीत, समोर रेंजर्स, 2-1 अशी पिछाडी. 80व्या मिनिटाला स्टोक्सनं बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत कॉर्नरवर कर्णधार ग्रेनं डोक्यानं चेंडू आत ढकलला. 3-2! माणसं एवढी का रडली? आता मागे जा: याआधीचा कप 1902 चा. वाटेत 2012 च्या फायनलमध्ये शहरातल्याच प्रतिस्पर्धी हार्ट्सकडून खाल्लेला 5-1 चा मार लागेल, तो सोसा. मग 1948, 1951, 1952 ची लीग विजेतेपदं, ‘फेमस फाइव्ह’ या पाच खेळाडूंची आघाडीची फळी (इथे मी आठवडाभर रमलो). क्लब स्थापन करणारे, एडिनबराच्या काउगेट भागातले आयरिश स्थलांतरित सगळ्यात शेवटी.