पहिला काप शिडीवरून

चेनसॉ मिलवर कापलेली माझी पहिली फळी अजून पडवीत पडून आहे. फणसाची, साडेसहा फूट. जमिनीवर टेकवली की एक कोपरा दोन बोटं वर राहतो. वाळताना वाकली असती तर लाकडाला दोष दिला असता, पण ती कापतानाच पीळ घेऊन आली.

चेनसॉ मिल म्हणजे चेनसॉच्या, म्हणजे साखळीच्या करवतीच्या, बारला (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आवळून बसवायची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट. चौकट ओंडक्यावरून सरकते आणि बार तिच्याखाली ठरवलेल्या अंतरावर चालतो. गोल ओंडक्याला सपाट बाजू नसते, म्हणून पहिल्या कापाला वर शिडी ठोकून तिच्यावरून चौकट न्यायची. पुढचे काप आधीच्या कापावरून होतात. म्हणजे पहिल्यात केलेली चूक शेवटच्या फळीपर्यंत उतरते. आमचे सुतारकाका बघून हसले. "झिला, शिडीच वाकडी, मगे फळी सरळ खंयसून येतली?" मग त्यांनी शिडीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि एका टोकाला बसून एक डोळा मिटला. दोन्ही पट्ट्या समांतर दिसेपर्यंत शिडीखाली पाचरी सारायच्या, बस्स. आता माझा अर्धा तास यातच जातो.

मशीन 70 सीसीच्या खालचं घेऊ नका, उभ्या कापात, म्हणजे ओंडक्याच्या लांबीनं कापताना, इंजिन सतत पूर्ण जोरावर चालतं. साध्या साखळीच्या दातांची धार साधारण 30 अंशांची असते. उभ्या कापाला 10 अंशांची बरी, काप गुळगुळीत येतो. पेट्रोलची टाकी संपली की कानस काढायची. बार ढकलावा लागतोय, भुसा पिठासारखा पडतोय, म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलात. ओंडका किंचित उतारावर ठेवलात तर मशीन आपल्या वजनानं पुढे जातं, कंबर वाचते. काप थोडा पुढे गेला की मागे पाचर मारा, नाहीतर वरची फळी बसून बार आवळते. कानांना मफ आणि नाकाला मास्क हवाच.

एका कापात आठ-दहा मिलिमीटर लाकूड भुशात जातं. पातळ फळ्या हव्या असतील तर सरळ सॉ मिलला न्या. हे यंत्र दोन इंच आणि त्याहून जाड स्लॅबसाठी, म्हणजे जाड फळ्यांसाठी, किंवा जिथे टेम्पो पोचत नाही अशा घळीतल्या ओंडक्यासाठी. झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी फणस तोडायला परवानगी लागते, ती आधी घ्या.

कापल्या दिवशीच फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट फासा. टोकं आधी वाळतात आणि तिथूनच चिरा जातात. मग फळ्या एकावर एक रचताना मध्ये दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या, वरच्या थराच्या पट्ट्या खालच्यांच्या बरोबर वर, आणि सगळ्यांत वर जांभ्याचे चिरे. वाळायला इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब सांगतात. आमच्याकडे चार महिने पावसाचे, त्यामुळे दोन इंची स्लॅब मी तिसऱ्या उन्हाळ्याआधी सुताराकडे नेत नाही.