कॅनडाचा इतिहास अभ्यासायचा कसा : करार करणारे आणि न विचारलेले

महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला कॅनडा बहुधा एकाच ओळीत भेटतो : प्रबळ केंद्र असलेले संघराज्य आणि केंद्राकडे राखलेले शेषाधिकार (कोणत्याही यादीत न आलेल्या विषयांवरचे अधिकार) आपल्या राज्यघटनेने तिथून घेतले. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाची ओळख नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ केलेल्या सनावळीपुरती असते. ज्याला याच्या पुढे जायचे आहे त्याने सनावळी टाकून देऊ नये, मात्र प्रत्येक सनापुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात त्या वर्षीचा कायदा किंवा करार कोणाकोणाच्या वाटाघाटीतून झाला ते लिहावे. दुसऱ्यात, त्याचा परिणाम ज्यांना भोगावा लागणार होता पण ज्यांना विचारले गेले नाही, त्यांची नोंद करावी. कॅनडाची घडण क्रांतीपेक्षा वाटाघाटींतून अधिक झाली असल्यामुळे ही पद्धत तिथे विशेष फलदायी ठरते.

आरंभ १८६७ पासून, म्हणजे ब्रिटिश प्रांत एकत्र येऊन कॅनडाचे संघराज्य झाले त्या वर्षापासून, करू नये. १७६३ च्या राजघोषणेने मूलनिवासींची जमीन केवळ ब्रिटिश राजसत्तेलाच, तीही त्यांच्या संमतीने, घेता येईल असे ठरवले आणि जमिनीचे आजचे दावेही तिथवर जातात. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने ब्रिटिशांनी जिंकलेल्या फ्रेंच भाषकांना त्यांचा कॅथलिक धर्म आणि दिवाणी कायदा राखू दिला. या दोन दस्तऐवजांत देशातील दोन जुने प्रश्न आहेत. त्यानंतरची १७९१ ची विभागणी, १८३७-३८ चे उठाव आणि १८४० चा एकीकरणाचा कायदा पहिल्या वाचनात भराभर ओलांडले तरी चालेल. थांबावे ते १८४८ पाशी, कारण नोव्हा स्कोशिया आणि कॅनडा प्रांत (आजचे ऑन्टारियो आणि क्वेबेक) येथे विधिमंडळाला जबाबदार असलेले सरकार त्या वर्षी आले.

संघराज्याची योजना आखणाऱ्या, शार्लटटाऊन आणि क्वेबेक येथील १८६४ च्या परिषदा अभ्यासताना कॅनडा प्रांताच्या विधिमंडळातील १८६५ ची छापील चर्चा अवश्य चाळावी. इंग्रजी भाषक नेते जॉन ए. मॅक्डोनाल्ड आणि फ्रेंच भाषक नेते जॉर्ज-एत्येन कार्तिए यांची भाषणे लागोपाठ वाचली, तर एकाला बळकट केंद्र हवे होते आणि दुसऱ्याला आपल्या प्रांताची कवाडे शाबूत हवी होती, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्वच्छ कळते. दुसऱ्या रकान्यात येथे मूलनिवासी आणि मेटी (मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाचे) लोक येतात. त्याचा परिणाम १८६९-७० मध्ये रेड नदीच्या काठी मेटी नेता लुई रिएल याच्या नेतृत्वाखालील उठावात दिसला आणि मॅनिटोबा प्रांत जन्मला. १८८५ च्या दुसऱ्या उठावानंतर रिएलला रिजायना येथे फाशी देण्यात आले. मूलनिवासींना सरकारी नियंत्रणाखाली ठेवणारा १८७६ चा इंडियन कायदा आणि त्यांच्या दीड लाखांहून अधिक मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा यांचा अभ्यास याच रकान्यात, सलग, करावा. सरकारने संसदेत क्षमा मागितली ती २००८ साली.

कायदा वाचताना त्याच्या शब्दांबरोबर तो नेमका कोणाला अडवतो हेही तपासावे. १९०८ चा ‘अखंड प्रवासा’चा आदेश याचे उत्तम उदाहरण आहे. स्थलांतरिताने आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून थेट तिकिटावर, वाटेत न थांबता यावे, एवढेच त्यात म्हटले होते. भारताचे नावही नव्हते. परंतु भारतातून असा प्रवास व्यवहारात शक्यच नव्हता. १९१४ च्या मे महिन्यात गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ ३७६ प्रवाशांसह, ज्यांत बहुसंख्य पंजाबी होते, व्हँकुव्हरला पोहोचली, तेव्हा याच नियमांच्या आधारे बहुतेकांना उतरू दिले गेले नाही आणि दोन महिन्यांनी बोट परतवण्यात आली. चिनी मजुरांवरचा डोईपट्टीचा कायदा मात्र उघड होता : १८८५ साली ५० डॉलर, १९०३ पर्यंत ५००, आणि १९२३ ते १९४७ जवळपास पूर्ण बंदी. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचल्यास कॅनडाच्या स्थलांतर धोरणाची कार्यपद्धती उमगते, आणि मूळ देशाऐवजी शिक्षण, कौशल्य यांना गुण देणारी १९६७ ची गुणांकन पद्धत केवढी मोठी उलथापालथ होती हेही.

सामान्य माणसांसाठी जनगणनेकडे वळावे. कॅनडात कुटुंबवार नोंदी ९२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे १९३१ च्या नोंदी २०२३ पासून कोणालाही पाहता येतात. एकच गल्ली निवडून मूळ, धर्म, मातृभाषा, देशात आल्याचे वर्ष आणि व्यवसाय हे रकाने आडवे वाचत जावेत. १९१९ मध्ये विनिपेग शहरात झालेल्या सार्वत्रिक संपातील कामगारवस्ती कशी होती, हे समजून घेण्याचा हा माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र रेंगाळावे, कारण दोन रकाने तिथे एकमेकांत गुंततात. नोव्हेंबर १९८१ मध्ये राजधानी ओटावात राज्यघटनेविषयी बोलणी चालू असताना क्वेबेकचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) रने लेवेक नदीपलीकडे हल येथे झोपायला गेले. त्या रात्री इतर प्रांतांनी केंद्राशी तडजोड पक्की केली. १९८२ ची राज्यघटना आणि हक्कांची सनद क्वेबेकच्या संमतीविना आली. ही जखम भरण्यासाठी १९८७ मध्ये मीच लेकचा करार झाला, पण त्यात मूलनिवासींना वगळले गेले होते. कराराला सर्व प्रांतांच्या विधिमंडळांची मंजुरी हवी होती. तिची मुदत २३ जून १९९० ला संपत असताना मॅनिटोबाच्या विधिमंडळात नेहमीची पूर्वसूचना टाळण्यासाठी एकमताची गरज पडली आणि क्री समाजातील सदस्य एलायजा हार्पर, हातात गरुडाचे पीस धरून, दर वेळी ‘नाही’ म्हणाले. ठराव मतास आलाच नाही. न्यूफाउंडलंडनेही मतदान टाळले.

३० ऑक्टोबर १९९५ चे क्वेबेकचे सार्वमतही याच रीतीने वाचावे. वेगळे होण्याविरुद्ध ५०.५८ टक्के मते पडली, एवढ्यावर थांबू नये. त्याआधी काही दिवस उत्तर क्वेबेकमधील क्री लोकांनी स्वतःचे सार्वमत घेऊन ९६ टक्क्यांहून अधिक मतांनी क्वेबेकबरोबर जाण्यास नकार दिला होता. म्हणजे आपल्याला विचारले नाही असे म्हणणाऱ्या प्रांतालाच आता तोच प्रश्न विचारला गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे १९९८ चे मत घ्यावे. एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार प्रांताला नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास इतरांना वाटाघाटी कराव्याच लागतील, असे त्यात सांगितले आहे. त्यातील अल्पसंख्याकांविषयीचा आणि मूलनिवासींविषयीचा भाग घाईने ओलांडू नये.