इंजिन खोलायच्या आधी

आयटीआयला दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून कोल्हापुरात एका गॅरेजला लागलो, तेव्हा पाने चालवायची भलतीच घाई होती. पहिलं इंजिन हाताखाली आलं ते मारुती 800 चं. 796 सीसी, तीन सिलिंडर, जुनं कार्बोरेटरवालं. वस्ताद जेवायला गेले तेवढ्यात मी तिन्ही पिस्टन बाहेर काढले, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या कॅपा (रॉडच्या खालच्या टोकाच्या सुट्ट्या अर्ध्या कड्या) एकाच ट्रेमध्ये डिझेलनं लख्ख धुतल्या आणि शाबासकीची वाट बघत बसलो. वस्तादांनी हात पुसत एक कॅप उचलली. "आता सांग बघू लेका, ही कितव्या नंबरची?"

काय सांगणार!

रॉडचं खालचं भोक कॅप आवळून मगच कातलेलं असतं. दुसऱ्या रॉडची कॅप लावली, किंवा तीच उलटी बसवली, की भोक नीट गोल राहत नाही आणि बेअरिंगची वाट लागते. दुसरा अख्खा दिवस आमचा शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेला. तिथं एकेक जोडी लावून, सांध्यावरून नख फिरवून, मग बोअर गेज (भोकाचं आतलं माप घेणारं उपकरण) घालून तपासली. बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून बोल्टला पाना लागायच्या आधी रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला सेंटर पंचनं टिंबं मारतो: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

पण खुणांच्याही आधी, इंजिन चालू आहे तोवर त्याला बोलतं करायचं. एकदा खोललं की ते काही सांगत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हवरून ऑईल आत उतरू न देणारं रबर) संशय. गाडी ओढताना सतत निळा धूर, ब्रीदरमधूनही (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर, तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजलेलं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्लगच्या भोकाला गेज लावून, स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघायचं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी दमदार. बॅटरी मेलेली असली की चांगलं इंजिनही आजारी दिसतं. आकडे खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

एका गाडीत मला पहिल्या सिलिंडरला 12 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळाले, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला 8 च्या आसपास. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा बघितलं, काटा हलला नाही. रिंगा गेल्या असत्या तर प्रेशर वाढलं असतं. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेत म्हणजे त्या दोघांच्या मध्ये हेड गॅस्केट, हेड आणि ब्लॉकमधली पट्टी, गेलेलं. हेड उतरवून बघितलं तर तसंच निघालं. गिऱ्हाईक पूर्ण इंजिनकामाचे पैसे घेऊन आलं होतं. हेडला फेस मारून (तळ मशीनवर सपाट करून), गॅस्केट बदलून गाडी गेली. मला तेव्हा थोडं वाईटच वाटलं, खरं सांगतो. हात तर पूर्ण इंजिन खोलायला शिवशिवत होते!

बाकी तयारी साधी आहे. इंजिन बाहेरून धुऊन घ्यायचं, नाहीतर सगळा चिखल आत. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची. पाणी आणि ऑईल काढताना ऑईल पातळ कापडातून गाळायचं. कापडावर धातूची चमक दिसली तर ती बहुधा झिजलेल्या बेअरिंगची. एसी असेल तर त्याचे पाइप स्वतः खोलायचे नाहीत, गॅसवाल्याला बोलवायचं. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, बाहेरून आत येत, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. गरम हेड घाईनं उघडलं की वाकतं. व्हॉल्व्ह ठेवायला अंड्यांचा ट्रे झकास. हेडचे बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमानं खोचायचे. मोबाइलवर फोटो काढाच, पण व्हॅक्यूमचे पाइप फोटोत सगळे सारखेच काळे दिसतात. त्यांना चिकटपट्टी लावून नंबर घाला.

नवीन पोरांची हमखास चूक म्हणजे सामान आधी आणणं. या इंजिनाचा बोअर मुळात 68.5 मिलिमीटरचा. तो किती झिजलाय हे मोजल्याशिवाय स्टँडर्ड पिस्टन चालतील की 0.25 की 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे), कुणाला कळणार? आधी मोजायचं, मग पिस्टन घ्यायचे आणि ते बोरिंगवाल्याच्या हातात द्यायचे. तो त्या पिस्टनच्या मापानं बोअर करतो. तोवर गिऱ्हाईकाचे दहा फोन येतात, "गाडी कधी मिळणार?" माझं उत्तर ठरलेलं: "ब्लॉक उद्यमनगरातून मोजून येऊ दे, दादा, मग सांगतो."