टार्टनचा जुना तुकडा: क्लॅनचं नाव शेवटी

टार्टनचा, म्हणजे स्कॉटलंडच्या रंगीत चौकड्याच्या लोकरी कापडाचा, जुना तुकडा समोर आला की प्रत्येक जण आधी विचारतो, "कुठल्या क्लॅनचं?", म्हणजे कुठल्या स्कॉटिश घराण्याचं? तुकड्यावरून मूळ नमुना पुन्हा मांडण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. अमुक घराण्याचं अमुक टार्टन हा हिशेब मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कला 1933 साली रोमन नाण्यांच्या मडक्याच्या तोंडात कोंबलेला तुकडा सापडला. तो तिसऱ्या शतकातला, न रंगवलेल्या पांढऱ्या आणि तपकिरी लोकरीचा साधा चौकडा. त्याला कुठलं आडनाव लावणार?

सुरुवात धाग्यांपासून करा. ताणा (मागावर आधी ताणलेले उभे धागे) कुठला आणि बाणा (त्यांतून विणलेले आडवे धागे) कुठला हे किनार शिल्लक असेल तर लगेच कळतं. नसेल तर पट्ट्यांमधले धागे मोजा. ताणा एकदाच मांडलेला असतो, त्यामुळे त्यातल्या पट्ट्याची धागेसंख्या खालपासून वरपर्यंत तीच राहते. बाण्याचे धागे विणकर धोटा टाकता टाकता मोजतो. तोच पट्टा पुन्हा आला की दोन-चार धागे इकडेतिकडे होतात. मागावर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि पुस्तकातून शिकलेल्याला ते पटकन पटत नाही. मोजणी धाग्यांतच ठेवा. सेंटिमीटरवर विसंबू नका, कारण दोन्ही दिशांची दाटी वेगळी असते आणि कापड आटलेलंही असतं.

आता नमुना, म्हणजे सेट. बहुतेक टार्टनमध्ये पट्ट्यांचा क्रम एका पट्ट्यापाशी पोचतो आणि तिथून उलटा फिरतो. असे दोन वळणपट्टे सापडले की त्यांच्या मधल्या क्रमावरून सगळं कापड मांडता येतं. तुकडा लहान असला की बहुधा एकच वळण सापडतं. मग नजर दुसऱ्या दिशेला वळवा. ताण्यात आणि बाण्यात क्रम सहसा एकच असतो, म्हणून ताण्यात जिथे कापड फाटून क्रम तुटलाय, त्याच्या पुढचा भाग बाण्यात मिळू शकतो. मला या कामातली खरी मजा इथेच वाटते. मात्र काही सेट वळतच नाहीत, एकाच दिशेने पुन्हा पुन्हा येतात. दुसरं वळण दिसलं नाही तर ते कल्पनेने बसवू नका. आणि वळणपट्ट्याचे धागे पूर्ण लिहिलेत की निम्मे, हे नोंदीत स्पष्ट असू द्या. जुन्या नोंदींमध्ये दोन्ही पद्धती आढळतात.

रंगांच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा कमी ठेवा. हिरवा म्हणजे निळा आणि पिवळा एकावर एक. त्यातला पिवळा उडाला की हिरवं कापड निळं दिसायला लागतं. मूळ रंग बघायचा तर शिवणीच्या आत, दुमडीखाली, नाहीतर उलट्या बाजूला. हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून काळी केलेली लोकर आतून कुजते, त्यामुळे पट्ट्याच्या रेघेतच फट पडलेली दिसली तर तिथे काळा असावा असा कयास करता येतो. कसरीने खाल्लेली भोकं सहसा अशी रेघ धरून जात नाहीत. प्रयोगशाळेलाही मर्यादा आहेत: नीळ आयात केलेली होती की युरोपातल्या वोड या झाडाची, हे रंगद्रव्यावरून सांगता येत नाही, कारण दोन्हींत इंडिगोटिनच असतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लेन ॲफ्रिक या दरीतल्या तुकड्याची गोष्ट प्रत्येक नवशिक्याने नीट समजून घ्यावी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) दलदलीत तो मिळाला, आकार साधारण 55 बाय 42 सेंटिमीटर. कापडावर दलदलीचा तपकिरी थर बसलेला. आधी रंग तपासले. कृत्रिम रंग आढळले नाहीत, म्हणजे कापड बरंच जुनं असू शकत होतं, म्हणून वय काढणाऱ्या रेडिओकार्बन चाचणीला अर्थ होता. अलीकडच्या शतकांतल्या कापडाला ती चाचणी फार मोघम उत्तर देते. निष्कर्ष निघाला तो 1500 ते 1600 या काळाकडे झुकणारा. लोकरीत लाल असावा असं दिसलं, पण तो कशापासून केला हे सिद्ध झालं नाही.

नाव शोधायचंच असेल तर स्कॉटलंडमधल्या बॅनॉकबर्नच्या विल्सन या टार्टन विणणाऱ्या कंपनीची 1819 ची नमुनावही बघा. तिच्यात 200 हून अधिक नमुने आहेत आणि त्यातल्या कित्येकांना नुसते क्रमांक दिलेले आहेत. तुमचा सेट जुळला तर तो विल्सनच्या विक्रीतला नमुना आहे एवढंच म्हणता येतं. "कलोडनच्या रणांगणावरचा" (म्हणजे स्कॉटलंडमधल्या 1746 च्या लढाईतला) अशी चिठ्ठी लावलेल्या तुकड्यांपुढे माझ्या भुवया आपोआप वर जातात.

शिकायचं कुठे, हेही बरेच जण विचारतात. ग्लासगो विद्यापीठात वस्त्रसंवर्धनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; रसायनशास्त्र कच्चं असेल तर आधी तेवढं भरून काढा. त्यासोबत चार शाफ्टचा (ताण्याचे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा) मागही शिका, म्हणजे टू-बाय-टू ट्विल, ही दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जाणारी टार्टनची तिरकी वीण, स्वतः विणता येईल. पुनर्रचना कागदावर बरोबर दिसते आणि विणल्यावर एखादा पट्टा डोळ्यांत खुपतो, तेव्हा मोजणीकडे परत जावं लागतं. विणलेल्या नमुन्यासोबत तक्ता जोडा: कोणते धागे मोजलेले, कोणते दुसऱ्या दिशेवरून घेतलेले, कोणते अंदाजाने भरलेले. संग्रहालयातले लोक कापडाआधी तो तक्ता मागतात.