नेट चालतंय, पण चालत नाहीये: लिनक्स शिकताना घड्याळाने घातलेला घोळ

पेनड्राइव्ह लावून, चार-सहा वेळा 'नेक्स्ट' दाबून डेबियन किंवा उबंटू हे लिनक्स बसवता येणं याला हल्ली कुणी कौशल्य म्हणत नाही. सिस्टिम अ‍ॅडमिनच्या मुलाखतीला बसलात की समोरचा एवढंच पाहतो: बसवलेलं मशीन बिघडल्यावर तुमचा हात आधी कुठे जातो? बहुतेकांचा परत पेनड्राइव्हकडेच जातो. मी शिकले त्या क्लासमधल्या सरांचाही तिकडेच जायचा. "अगं, फॉरमॅट मार, वेळ नको घालवू." माणूस वाईट नव्हता, पण अशा गुरूपासून जरा लांबच राहा. फॉरमॅट मारून बरं झालेलं मशीन तुम्हाला काही शिकवत नाही. आणि दोष हार्डवेअरमध्ये असला, तर फॉरमॅटनंतरही तो जागचा हलत नाही.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे अडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज 'रेड' किंवा इंटेलच्या 'व्हीएमडी' मोडवर आहे का ते बघा आणि एएचसीआय या साध्या मोडवर आणा. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर आधी तिला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून मगच मोड बदला, नाहीतर विंडोज उठणार नाही. विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही? विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू आहे, म्हणजे ती नीट बंद झालेलीच नाही. ग्राफिक कार्डाचा बाहेरचा ड्रायव्हर टाकलात आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल, तर पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायला सांगतो. घाईत एंटर मारून तो घालवलात की ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग रात्रभर शोधत बसता.

वाय-फायचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, हा पूर्वी मोठा छळ होता. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. त्यामुळे 'वेगळी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवा' सांगणारे जुने व्हिडिओ बघू नका. तरीही वाय-फाय आलं नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न टाकता नेट मिळतं आणि राहिलेलं फर्मवेअर उतरवता येतं. हे मला फार उशिरा कळलं. कुणी सांगतच नाही.

हार्डवेअरसाठी एक सवय लावून घ्या. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावाने शोधू नका, चिपच्या आयडीने शोधा. एलएसपीसीआय (lspci) या कमांडला 'एनएनके' (-nnk) हा पर्याय दिला की प्रत्येक उपकरणासमोर कंसात आयडी येतो. ८०८६ ने सुरू झाला तर इंटेल, १०ईसी तर रिअलटेक, १४ई४ तर ब्रॉडकॉम. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते पाहा. नसेल तर ड्रायव्हरच लागलेला नाही. असेल आणि तरी उपकरण गप्प असेल, तर डीमेसेजच्या (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) आउटपुटमध्ये 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. वाय-फाय दिसतं पण चालू होत नाही, तर आरएफकिल (rfkill, वायरलेस बंद केलंय का ते दाखवणारी कमांड) बघा. लॅपटॉपवरचं विमानाचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नेटवर्क खालून वर तपासायचं, हे तुम्हाला ठाऊक असणार: केबलला लिंक आहे का, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला का, गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग जातो का, बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला जातो का, डीएनएसकडून साइटच्या नावाचा पत्ता लागतो का. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, तर डीएचसीपीने (आयपी वाटणाऱ्या सेवेने) उत्तर दिलेलं नाही, वर कुठे बघायची गरज नाही. आणखी एक. ईएनपी३एस० या नेटवर्क कार्डाच्या नावातला ३ हा पीसीआय बसचा क्रमांक असतो. मशीनमध्ये नवीन कार्ड बसवलं की तो सरकून ४ होऊ शकतो. मग जुन्या नावावर लिहिलेला स्टॅटिक (हाताने ठरवलेला) आयपी वाऱ्यावर जातो आणि तुम्ही उगाच नव्या कार्डाला शिव्या घालता.

आता मी जिथे अडकले ते. हे लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

क्लासच्या लॅबमध्ये एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवला होता, मॉनिटर नसलेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो चालू केला. लिंक होती. आयपी होता. गेटवेला, बाहेरच्या आकड्याला, नावाला, सगळीकडे पिंग जात होता. पण त्यावरून कर्लने (साइट मागवणाऱ्या कमांडने) काही साइट उघडायच्या, काही नाही. कुठल्या उघडतात आणि कुठल्या नाहीत, याला काही ताळमेळ नव्हता. एपीटी अपडेटचंही (सॉफ्टवेअरच्या याद्या ताज्या करणाऱ्या कमांडचंही) तसंच: मुख्य भांडार व्यवस्थित, सुरक्षेच्या भांडारावर लाल अक्षरं. 'नेट अर्धं चालतंय' असं ऐकलं की सगळे डीएनएसवर घसरतात. डीएनएसची फाइल रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बदलून झाली, केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. शेवटी सरांनी फॉरमॅट मारला. तेच.

कारण मदरबोर्डवर होतं: सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी, संपलेली.

मशीनला वीज असते तोवर आतलं घड्याळ एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय विजेवर चालतं, बॅटरीला काम नसतं. म्हणून घरच्या कायम प्लग लावलेल्या मशीनची बॅटरी मेली तरी वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आमच्या लॅबचा मेन स्विच रोज संध्याकाळी खाली पाडायचे. शाळा, क्लास, छोटी ऑफिसं, लोडशेडिंगची गावं, सगळीकडे असंच चालतं. तिथल्या बॅटऱ्या लवकर जातात आणि सुट्टीत घड्याळ थेट कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसतं.

इथवर सोपं आहे. तारीख २००९ दाखवली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. खरा सापळा पुढे आहे. सिस्टिमडीला (लिनक्स सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) बूट होताना हार्डवेअर घड्याळाची वेळ स्वतःच्या बांधणीच्या तारखेआधीची दिसली, तर तो वेळ पुढे ढकलतो. शिवाय टाइमसिंकडी ही सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपून ठेवते आणि घड्याळ निदान तिथवर आणते. हेतू चांगलाच आहे. परिणाम असा, की मशीन दिवाळीनंतर उठलं ते सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. वर्ष बरोबर, तारीख पटण्यासारखी. अशा तारखेवर नजर सहज घसरून जाते. तिथून वेळ पुढे दुरुस्त करायला एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) लागतं, आणि लॅबच्या फायरवॉलवर त्याचा पोर्ट, यूडीपी १२३, बंद होता. घड्याळ मागे राहिलं ते राहिलंच.

मग काही साइट का उघडायच्या? साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावर, एसटीच्या पासावर असतात तशा, 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रं सहसा ९० दिवसांची असतात आणि बरेच जण ती साठाव्या दिवसाच्या आसपास नवी करतात. आमच्या सुट्टीच्या काळात ज्या साइटनी प्रमाणपत्र नवं केलं, त्यांची 'पासून' तारीख या मशीनच्या दृष्टीने भविष्यातली होती. त्या बंद. ज्यांचं प्रमाणपत्र सुट्टीआधीचं, त्या सुरळीत. एपीटीचंही गणित हेच. डेबियनच्या मुख्य भांडाराची रिलीज फाइल (भांडाराची सूची) पॉइंट रिलीजलाच, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या दुरुस्त आवृत्तीलाच, बदलते, सुरक्षेच्या भांडाराची वारंवार बदलते, आणि तिच्यावर तारीख असते. त्या लाल अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, की ही फाइल अजून वैध झालेली नाही, अमुक इतके दिवस बाकी आहेत. दिवसांचा आकडा समोर होता! पण लाल रंग दिसला की वाचणं थांबतं, सरांचंही आणि माझंही. एरर शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. शेवटच्या.

म्हणून माझ्या तपासणीत आता नावाचा पत्ता लागल्यानंतर एक पायरी वाढली आहे: टाइमडेटसीटीएल (timedatectl) ही कमांड. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. सिस्टिमची यूटीसी (जागतिक) वेळ, आरटीसीची (हार्डवेअर घड्याळाची) वेळ, आणि 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' समोर येस आहे की नो. वेळ हातातल्या मोबाइलशी ताडून बघा, तारखेसकट. एनटीपी बंद असेल तर साध्या एचटीटीपी पत्त्याला कर्लने फक्त हेडर मागा. त्यात 'डेट' ही ओळ येते, जीएमटीमध्ये. तिच्यावरून वेळ हाताने लावा आणि एचडब्ल्यूक्लॉक (hwclock) कमांडने हार्डवेअर घड्याळात उतरवा. मग नेटवर्कवाल्यांना विचारा, आतला टाइम सर्व्हर कोणता. विंडोज डोमेन असलेल्या ऑफिसात बहुधा डोमेन कंट्रोलरच (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) ते काम करत असतो. वेळ जुळवायला जुना एनटीपीडी वापरत असाल तर लक्षात घ्या, फरक १००० सेकंदांहून जास्त असला की तो दुरुस्ती न करता बंदच पडतो. त्याऐवजी क्रोनी वापरा, त्यातली मेकस्टेपची (वेळ एकदम उडी मारून लावण्याची) ओळ तपासा, आणि एनटीपीडीच्या जुन्या भक्तांशी वाद घालू नका.

बॅटरी बदलणं अवघड नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, अधिकची बाजू वर ठेवून नवी बसवा. आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या बोर्डांवर बॅटरी गेल्यावर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर येतात: बूटचा क्रम, एएचसीआय, सगळं. 'काल चालत होतं, आज डिस्कच सापडत नाही' या तक्रारीमागेही कधी कधी हीच बॅटरी असते.

या दुखण्यावर जे शॉर्टकट मिळतात ते मला सहन होत नाहीत. कर्लला 'के' देऊन प्रमाणपत्राची तपासणी बंद करा, एपीटीची तारीख-तपासणी बंद करा. काम होतं, म्हणूनच ते धोक्याचं. लॅबमध्ये लागलेली ही सवय प्रॉडक्शनच्या स्क्रिप्टमध्ये शिरते आणि तिथून कुणी काढत नाही.

ड्युअल बूटवाल्यांसाठी आपल्याकडची खास खूण: वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर बॅटरी निर्दोष आहे. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स ती यूटीसी समजून वाचतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करा. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणता येतं, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच त्याबद्दल इशारा देतं. त्याचं ऐका.

जुना डेस्कटॉप नाही म्हणून खट्टू होऊ नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाइम सिंक आणि गेस्ट टूल्स (बाहेरच्या मशीनशी जुळवून घेणारी साधनं) बंद करा, घड्याळ महिनाभर मागे न्या आणि काय काय मोडतं ते लिहून काढा. मोबाइलवरच्या ओटीपी अ‍ॅपचा कोड ३० सेकंदांनी बदलतो, ऑफिसच्या लॉगिनमागचं कर्बेरॉस सहसा ५ मिनिटांचाच फरक खपवून घेतं. दोन्ही करून बघा. मुलाखतीत याचा उपयोग होतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना एनआयसी (राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवावी लागतात आणि लॉग (मशीनच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. प्रत्येक मशीनचं घड्याळ वेगळं असेल तर त्या लॉगचा क्रमच लागणार नाही. एवढं नीट बोलता आलं तर समोरचा माणूस वही खाली ठेवतो. सर्टिफिकेशनच करायचं असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए करा. ती परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर असते आणि रीबूटनंतर टिकलेलं कामच मोजतात. पाठांतराच्या परीक्षांबद्दल माझं मत चांगलं नाही, तेव्हा तो विषय सोडते.

आणि हो, हे वाचून प्रत्येक 'अर्धं नेट' घड्याळावर ढकलू नका. गावाकडच्या केबलवाल्याचं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं) कनेक्शन असेल तर काहीसं असंच लक्षण एमटीयूमुळेही, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकारामुळेही, दिसतं. फरक असा: घड्याळ चुकलं असेल तर एरर लगेच येते आणि तिच्यात प्रमाणपत्राचा उल्लेख असतो. एमटीयूचा घोळ असेल तर एरर येतच नाही, पान नुसतं लटकून राहतं. पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय आणि १४७२ बाइटचा आकार द्या (वर हेडरचे २८ बाइट लागतात). तो अडला आणि १४६४ चा गेला, तर वाटेतली मर्यादा १४९२ आहे, कारण पीपीपीओई १५०० मधले ८ बाइट स्वतः खातं. राउटरवर एमएसएस क्लँप (पाकिटं मर्यादेत ठेवणारी सोय) चालू करा. राउटर तुमच्या ताब्यात नसेल तर आपल्या इंटरफेसचा एमटीयू १४९२ करा आणि तो रीबूटनंतर टिकतोय ना, ते पाहा.