हिरवं दिसलं म्हणजे गवत वाढलं, असं नाही: कोरड्या प्रदेशातला वनस्पती-बदल मोजताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या घरी दोन-तीन विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतात. प्रश्न बहुतेक वेळा कच्छमधल्या बन्नी या गवताळ प्रदेशाचा असतो. "सर, हा आलेख बघा ना, चाळीस वर्षांत हिरवाई वाढलीय. मग मालधारी चारा संपला असं का म्हणतात?"

दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. उपग्रहाने हिरवं मोजलेलं असतं आणि मालधारी, म्हणजे तिथला गुरं पाळणारा माणूस, चाऱ्याबद्दल बोलत असतो.

हिरवा रंग कुणाचा, हे न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बन्नी म्हणजे कच्छच्या उत्तरेला रणाला लागून पसरलेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. रण पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सुमारे ३१ हजार हेक्टरांवर प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा लावली गेली. ही मूळची अमेरिका खंडातली बाभूळ. गुजरातीत तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. गुरं तिच्या गोड शेंगा खातात, शेणातून बिया दूरवर जातात आणि पुढच्या पावसात तिथे नवी झुडपं उगवतात. मुळं खोल असल्यामुळे गवत वाळून पिवळं पडतं तेव्हा, एप्रिल-मे महिन्यातही, ती हिरवीच असते.

आता वर्षभराच्या एनडीव्हीआयची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या हिरवाईच्या निर्देशांकाची, सरासरी काढली तर काय होईल? गवताच्या जागी बाभूळ आली की आकडा वर चढेल. मीही माझ्या पहिल्या अहवालात अशाच चढत्या रेषेखाली 'सुधारणा' असं लिहिलं होतं. नंतर तो नकाशा होडकोजवळच्या एका म्हाताऱ्या मालधारीकाकांना दाखवला. त्यांनी सर्वांत गडद हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं तर आता चरायला काहीच नाही, नुसता बावळ." तो अहवाल मी परत लिहिला.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वर्षाची दोन चित्रं वेगवेगळी घ्या: एक पावसाळा संपल्यावरचं, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, दुसरं मे महिन्यातलं. मे महिन्यातली हिरवाई मुख्यतः झाडझाडोऱ्याची, आणि दोन्हींतला फरक मुख्यतः गवताचा. शेती आणि साचलेलं पाणी आधी वगळा. मग दोन रेषा वेगळ्या काढा. मेची रेषा वर आणि फरकाची रेषा खाली जात असेल, तर तुम्ही जमिनीची सुधारणा पाहत नाही, बाभळीचा पसारा पाहता आहात.

पहिलं आणि शेवटचं वर्ष तेवढं घेणं

बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. कच्छात सरासरी साडेतीनशेच्या आसपास, तोही एका वर्षी दुप्पट तर दुसऱ्या वर्षी जवळजवळ नाहीच. आपल्या बडोदेकर डोळ्यांना हा चढउतार ध्यानात येत नाही. गुजरातेत १९८५ ते १९८७ सलग दुष्काळ होता. १९८७ हे पहिलं वर्ष धरलं, तर पुढचं जवळजवळ कुठलंही वर्ष हिरवंगार ठरेल. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याबाबत असंच घडलं. उपग्रहाच्या रोजच्या नोंदींची सलग मालिका १९८१ला सुरू झाली, आणि १९८३-८४ला तिथे भीषण दुष्काळ होता. नंतर दिसलेल्या हिरवाईचा मोठा भाग म्हणजे पाऊस परतल्याची खूण.

म्हणून मधली सगळी वर्षं घ्या. आधी हिरवाई आणि पाऊस यांचं नातं मांडा, मग पावसाने जेवढं समजावता येतं तेवढं वजा करा. जे उरतं त्याचा कल पाहा. भूजचा पाऊस म्हणजे बन्नीचा पाऊस नव्हे. हवामान खात्याचे चौकटवार आकडे, म्हणजे नकाशाच्या प्रत्येक चौकटीचा वेगळा पाऊस, वापरा.

उपग्रह बदलला हे विसरणं

१९७२च्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर साधारण ८० मीटरचा, १९८२पासून तो ३० मीटरचा झाला. ३१ मे २००३ला लँडसॅट-७च्या यंत्रात बिघाड झाला, त्यानंतरच्या चित्रांत रिकाम्या पट्ट्या आहेत. लँडसॅट-८चे प्रकाशलहरी मोजण्याचे पट्टे अरुंद असल्यामुळे तेच गवत किंचित अधिक हिरवं दिसतं. दोन उपग्रह एकाच वेळी चालू होते ती वर्षं घेऊन मेळ घाला, मगच रेषा जोडा.

उघडी जमीन

विरळ गवतात ठिपक्याचा बराचसा भाग मातीचाच असतो. मिठाची पांढरी खपली आणि पावसानंतरची ओली काळपट माती वेगवेगळे आकडे देतात. मातीचा परिणाम कमी करणारा सॅव्ही निर्देशांक १९८८पासून उपलब्ध आहे, तो एकदा काढून पाहाच.

गवताला 'पडीक' म्हणणं

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. वर्गीकरणात झाड नसलेली जमीन 'पडीक' या खान्यात टाकली, की तिथे झाडं लावणं आपोआप चांगलं काम ठरतं. उलट बन्नीला १९५५ साली संरक्षित वन जाहीर केलं गेलं, म्हणजे कागदावर ते वन आहे. नकाशात 'गवताळ प्रदेश' हा खाना स्वतंत्र ठेवा, आणि त्यातही खारी जमीन वेगळी दाखवा.

रस्त्याकडेचीच पाहणी

बाभूळ रस्त्याकडेला दाट असते, त्यामुळे गाडीतून घेतलेले नमुने फसवतात. आत चालत जा. माहिती विचारताना सन विचारू नका. 'धरतीकंपाच्या आधी इथे काय होतं?' असं विचारा. २००१चा भूकंप तिथे सगळ्यांना आठवतो. शिवाय प्रत्येक जागी उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार फोटो काढा, जीपीएसचा आकडा आणि तारीख वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी उभं राहून तेच चार फोटो पुन्हा काढा.