हीलर खेळताय? मग हात आखडता घेऊ नका

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात डीपीएस (शत्रूला मारणारा) म्हणून डन्जनच्या (चौघांनी मिळून पार करायच्या मोहिमेच्या) रांगेत उभं राहिलं की चहा करून, पिऊन, कपही विसळून होतो. हीलर (पार्टीला बरं करणारा) म्हणून उभं राहिलं की आधण ठेवायच्या आत बोलावणं येतं. बरेच जण एवढ्यासाठीच हीलर घेतात. मीही त्यातलीच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रांग एवढी लहान का, हेही समजून घ्या. चौघांच्या पार्टीत दोन डीपीएस, एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर. एखादा डीपीएस ढेपाळला तर दुसरा रेटून नेतो, डन्जन थोडं लांबतं इतकंच. हीलर ढेपाळला तर सगळेच आडवे, आणि चॅटमध्ये पहिलं नाव तुमचं. ज्यांना हे झेपत नाही ते डीपीएसच्या रांगेत जाऊन बसतात.

पुल (शत्रूंचा घोळका अंगावर ओढणं), एग्रो (शत्रूचा रोख कोणावर आहे ते), जीसीडी (एका स्पेलनंतर दुसऱ्यासाठी थांबावं लागतं तो वेळ), वाइप (अख्खी पार्टी मरणं) हे शब्द तुम्हाला येतात असं धरून लिहितेय. येत नसतील तर पंधराव्या लेव्हलला हॉल ऑफ द नोव्हिस उघडतो, तो आधी करून या. मी सांगणार आहे ते तिथे शिकवत नाहीत.

व्हाइट मेज या हीलरला पन्नासाव्या लेव्हलला बेनेडिक्शन मिळतं. एका माणसाचा एचपी (जीव) थेट पूर्ण भरतो, एमपी (स्पेलला लागणारं इंधन) लागत नाही, दाबलं की १८० सेकंदांनी पुन्हा तयार. असली चीज हातात आली की नवा हीलर लगेच ठरवतो, ही अगदी अडीनडीलाच काढायची. मग होतं काय? टँकचा एचपी सत्तर टक्के, तुम्ही क्युअर (बरं करायचा साधा स्पेल) टाकता. पन्नास, क्युअर. पस्तीस, क्युअर. मनात चाललेलं असतं की अजून वेळ आहे, बेनेडिक्शन पुढच्या बॉसला लागेल. एचपी आठ टक्क्यांवर आला की बोट एकदाचं त्या बटणाकडे वळतं. तुम्ही दाबता, स्क्रीनवर प्रकाशाचा झोतही दिसतो, आणि टँक त्या झोतातच मरून पडतो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण मी यात फार दिवस अडकून होते आणि दोष नेटला देत होते. बेनेडिक्शन दाबल्या क्षणी एचपी उडी मारत नाही, परिणाम लागायला जरा वेळ जातो. त्यात मुंबईहून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच असतो. आणि टँकभोवती सात-आठ प्राणी उभे असतात, ते एकाच तालावर मारत नाहीत. आठ टक्क्यांवर असलेला टँक त्या एका सेकंदात दोन-तीन फटके सहज खातो. म्हणजे शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवलेली वस्तू नेमकी शेवटच्या क्षणीच कामाची नसते. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाने एका वाइपनंतर कॉलवर विचारलं, "अगं, बेनेडिक्शन काय बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंयस का?" राग आला होता. पण डन्जन संपल्यावर हिशेब केला. वीस मिनिटांच्या डन्जनमध्ये ते पाच-सहा वेळा सहज वापरता येतं, आणि मी एकदाही वापरलेलं नव्हतं.

तेव्हा मोठ्या पुलमध्ये टँक तीस-चाळीस टक्क्यांवर आला की बिनधास्त दाबा. पुढच्या मोठ्या पुलपर्यंत तीन मिनिटं होत आलेली असतात. साठाव्या लेव्हलला टेट्राग्रॅमॅटन मिळतं, तेही फुकट, ६० सेकंदांनी परत येतं. असाइझ ४० सेकंदांनी येतं, शत्रूला मारतंही आणि पार्टीला बरंही करतं. ही तिन्ही जीसीडीच्या बाहेरची आहेत, दोन स्पेलच्या मधल्या फटीत बसतात. फुकटचं आधी संपवायचं, एमपी आणि जीसीडी खाणारं नंतर. नवे लोक नेमकं उलट करतात.

याच कंजुषीचा दुसरा अवतार म्हणजे फ्रीक्युअर. साधा क्युअर टाकला की १५ टक्के शक्यता असते की पुढचा क्युअर टू फुकट मिळेल. या आशेवर लोक साधा क्युअर दाबत बसतात. आता आकडे बघा. वरच्या लेव्हलला क्युअरची पोटेन्सी (बरं करायची ताकद) ५००, किंमत ४०० एमपी. क्युअर टूची ८००, किंमत १००० एमपी. दोन्हींचा जीसीडी अडीच सेकंदांचाच. ८०० ची गरज असताना साधा क्युअर दोनदा टाकला तर २०० एमपी वाचतो आणि अडीच सेकंद जास्त जातात. एमपीचं काय, आठ हजारांच्या खाली आला की ल्युसिड ड्रीमिंग दाबलं की भरतो. त्या अडीच सेकंदांत टँकने खाल्लेला मार मात्र तुम्हालाच भरून काढावा लागतो. क्युअर टू तिसाव्या लेव्हलला येतो. आला की साधा क्युअर बटणांच्या बारवरून काढूनच टाका. खरंच काढा. समोर दिसला की बोट जातंच.

आता हे वाचून उलट्या टोकाला जाऊ नका. एचपीचा बार पूर्ण हिरवा नसला की काळजात धस्स होणं हाही रोगच आहे. माणूस एक एचपीवर असो की पूर्ण भरलेला, तो सारख्याच जोराने मारतो. डीपीएसचा एचपी साठ टक्के असेल आणि पार्टीवर येणारा पुढचा मार पंधरा सेकंद लांब असेल, तर ते साठ टक्के राहू देत. त्या वेळात तुम्ही मारा. पंचेचाळिसाव्या लेव्हलला होली मिळतो. तो आजूबाजूच्या सगळ्या शत्रूंना मारतो आणि वर चार सेकंद स्टनही करतो, म्हणजे जागच्या जागी थिजवतो. लगेच परत टाकला तर स्टन दोन सेकंद, मग एक, मग लागतच नाही. पण एवढे सात सेकंद टँकला कोणी हात लावत नाही. पुल जमला की पहिला होली टाकणं हेच सगळ्यात मोठं हीलिंग. "मी हीलर आहे, मारणं माझं काम नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांची डन्जनं लांबतात, त्यांना आवडत असेल.

आणि टँकवर काय काय लागलंय ते दाखवणाऱ्या छोट्या आयकॉनकडे बघायला शिका, नुसत्या बारकडे नको. वॉरियर टँक असेल आणि त्याचा एचपी एकवर येऊन थांबला असेल, तर बहुतेक वेळा त्याने होल्मगँग लावलेलं असतं. दहा सेकंद त्याचा एचपी एकच्या खाली जातच नाही. पहिल्यांदा बघितलं की घाम फुटतो आणि आपण हाताशी असेल ते सगळं त्याच्यावर ओततो. सगळं वाया. आयकॉनवरचे सेकंद मोजा, दोन उरले की बेनेडिक्शन. पिंग धरून दोन म्हणतेय, जपानमध्ये बसलेला माणूस एक म्हणेल.

पिंगचा विषय निघालाच आहे तर घरचं बघा. आमच्याकडे भांडुपला केबलवाल्याने राउटर दारावर ठोकून ठेवलाय, मी बसते गॅलरीच्या टोकाला, आणि मध्ये तीन माणसं तीन मोबाइल घेऊन. वायफायवर खेळू नका. लांब लॅन वायर आणा आणि भिंतीच्या कडेने घ्या. घरचे दोन दिवस "पायात येते" म्हणून ओरडतील, मग विसरतील. वायरने पिंगचा आकडा फार उतरत नाही, पण उड्या मारायचा थांबतो, आणि उड्याच घात करतात. शत्रूचा कास्ट बार संपताना सर्व्हरला तुम्ही जिथे दिसता, तिथलाच मार लागतो. तेव्हा आपल्या स्क्रीनवर निसटल्यासारखं वाटलं तरी आणखी लवकर सरकायची सवय लावा.

सर्व्हर निवडताना आपलं घड्याळ बघा. २०२२ साली ऑस्ट्रेलियात मटेरिया डेटा सेंटर सुरू झालं तेव्हा अनेकांनी जवळचं म्हणून घेतलं. रात्री दहाला जेवून तुम्ही बसता तेव्हा सिडनीत अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात, जपानमध्ये दीड. युरोपात मात्र संध्याकाळ असते, तिथे पार्ट्या मिळतात. आणि चाळीत राहत असाल तर पाणी यायच्या वेळेला रांगेत उभे राहू नका. हीलरला बोलावणं लगेच येतं हे विसरून बादल्या लावायला गेलेल्यांना मी पार्टीतून काढलेलं पाहिलंय.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. नावापुढे मेंटॉरचा मुकुट दिसला म्हणून कोणाचं ऐकू नका. तो मुकुट माणसाने किती खेळलंय ते सांगतो, शिकवता येतं का ते नाही. पहिल्याच पुलमध्ये टँक मेला की "तू हे असं का नाही दाबलंस" म्हणणारे सगळ्यात निरुपयोगी. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवणारे त्यांच्या खालोखाल. ज्याच्याकडून शिकायचं तो स्वतः टँक घेऊन तुमच्याबरोबर आत येतो आणि पुल संपल्यावर एकच गोष्ट सांगतो. असा माणूस मिळाला तर सोडू नका. नाहीच मिळाला तर टूलटिप, म्हणजे प्रत्येक बटणाची माहिती, वाचा. मी ऑफिसातून येताना सीएसएमटी ते भांडुप उभ्याने फोनवर तेच वाचायचे, आणि कुठल्याही गाइडपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

मॅक्रोंच्या (कृती आपोआप करून घ्यायला लिहिलेल्या छोट्या आज्ञांच्या) नादी लागू नका. या खेळात मॅक्रोतून दाबलेली कृती आधीच्या कृतीमागे रांगेत उभी राहत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडा वेळ गळतो. आणि पैसे भरून लेव्हल उडी घ्यायचा विचार असेल तर हीलरवर तरी नको. पंचवीस बटणं एकदम हातात आली की वर सांगितलेली कंजुषी दसपट होते, कारण कुठलं कशासाठी हेच कळत नाही.

वाइप होतील. टँक कोपऱ्यामागे पळून जाईल, तुमचा स्पेल पोचणार नाही, आणि ओरडा तुम्हालाच बसेल. यातला निम्मा दोष तुमचा नसतो हे लक्षात ठेवा. उरलेल्यासाठी एकच बघा: पार्टी मेली तेव्हा तुमच्या बारवर काय काय तयार पडून होतं? बेनेडिक्शन, टेट्रा, असाइझ तिन्ही झळकत असतील तर गप्प बसा आणि पुढच्या पुलला ती वापरा. स्विफ्टकास्ट (पुढचा स्पेल झटक्यात टाकू देणारं बटण) मात्र रेझसाठी (मेलेल्याला उठवायला) राखा, नाहीतर आठ सेकंद उभं राहून कास्ट करावं लागतं. एवढी एक गोष्ट राखून ठेवायला माझी हरकत नाही.

भीती वाटत असेल तर ड्यूटी सपोर्टमध्ये एनपीसींबरोबर (खेळच चालवतो त्या पात्रांबरोबर) कथेतली डन्जनं करून बघा, पण तिथेच रमू नका. ते एनपीसी शहाण्यासारखे थोडंथोडं ओढतात, खरा टँक भिंतीपर्यंतचं सगळं गोळा करून आणतो.

सुरुवात खेळातल्या ग्रिडेनिया शहरात कॉन्ज्युररपासून करा, तीसला व्हाइट मेज होतो. फुकट ट्रायल सत्तराव्या लेव्हलपर्यंत चालते आणि तिला दिवसांची मुदत नाही, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं एक रुपया न भरता शिकता येतं. स्कॉलर आणि अ‍ॅस्ट्रोलॉजियन हे दुसरे हीलरही ट्रायलमध्ये आहेत, पण बेनेडिक्शनची भीड चेपल्यावर घ्या. चौथा हीलर सेज सत्तराव्या लेव्हलपासून सुरू होतो आणि ट्रायलमध्ये नाहीच, तेव्हा त्याचे व्हिडिओ सध्या बघत बसू नका.